चाळिसावं वाक्य

कोथरूडच्या स्नेहबंध सोसायटीत स्नेह किती आणि बंध किती, हे बाहेरच्या माणसानं विचारू नये. गेटवरचा वॉचमनच हसेल. तीन विंगा, चोपन्न फ्लॅट, आणि एकमेकांशी धड बोलणारी घरं मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील. पण गेल्या वर्षी एका बाबतीत मात्र त्रेपन्न घरांचं एकमत झालं. ए विंगमधल्या दोनशे तीन नंबरच्या ओव्हाळ बाईंशी बोलायचं नाही. एवढी एकी गणपतीच्या आरतीलाही कधी दिसली नव्हती.

हिरा ओव्हाळ, वय सहासष्ट. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पट्टी, तांबडी पेन्सिल आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. वडील देहूरोडला लष्करी डेपोत हमाल होते. छप्पन्न साली त्यांनी धम्म स्वीकारला, आणि पुढं मुलं झाली तेव्हा प्रत्येकाला एकच शिकवण दिली: कुणी सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही, आधी तपासायचं. बाकीच्या भावंडांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हिरानं ते जन्मभर धरून ठेवलं. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत तिनं तीन चुका काढल्या होत्या, त्यातली एक नवऱ्याच्या नावात. तो भला माणूस नऊ वर्षांमागं गेला. जिवंत होता तोवर म्हणायचा, "हिरा, तू डाळ निवडत नाहीस, डाळीची चौकशी करतेस."

निवृत्तीनंतर बाईंनी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा क्लास सुरू केला. फी नाही, पाटी नाही. रोज सकाळी सात ते नऊ, सोसायटीच्या हॉलमध्ये. पेठांमधल्या अभ्यासिकांत दिवस काढणारी, डबेवाल्या मावशींकडं जेवणारी अठ्ठावीस मुलं सायकलींनी, बसनं तिथं यायची. घरी क्लास शक्य नव्हता. दोन खोल्या, त्यांत मुलगा रोहन, सून दीपाली, दोघांचे आयटीतले दोन लॅपटॉप आणि एक रांगतं मूल. हॉल गेला की क्लास गेला, हे बाईंनाही माहीत होतं आणि, दुर्दैवानं, सोसायटीलाही.

बाईंचं म्हणणं असं, की मुलं ज्ञानात कमी पडत नाहीत. प्रश्नाच्या शेवटी जे क्रियापद असतं ते वाचत नाहीत. 'एक्झॅमिन' असं विचारलेलं असतं आणि मुलं आठवेल ते ओतून मोकळी होतात. "एक्झॅमिन म्हणजे सांगणं नव्हे," बाई म्हणायच्या. "एक्झॅमिन म्हणजे हातात घेणं, उलटंसुलटं करणं, उजेडात धरणं, आणि मग बोलणं. डॉक्टर पोट दाबतो ते एक्झॅमिन. वकील साक्षीदाराला घाम फोडतो तेही एक्झॅमिन. विमानतळावर तुमची बॅग उपसतात तेही, आणि परीक्षेत तुम्हाला उपसतात तेही." या एका क्रियापदावर त्यांनी अख्खा महिना लावला आणि एक पुस्तिका केली. चाळीस वाक्यं, वर इंग्रजीत, खाली मराठीत. प्रत्येक वाक्यात क्रियापदाची वेगळी छटा.

आता अशी वाक्यं व्याकरणाच्या पुस्तकांत ढिगानं मिळतात. पण त्यांतले जॉन आणि मेरी बाईंना मान्य नव्हते. उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलं हवं, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी चार वर्षं खिडकीत बसून, जिन्यात थांबून, पहाटे गुडघ्यांसाठी गच्चीवर फेऱ्या मारताना, सगळी वाक्यं सोसायटीतूनच गोळा केली. कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. त्यांनी सगळी नावं काळजीपूर्वक काढून टाकली. फक्त विंग, मजला, वेळ, स्कूटरचा रंग आणि मिनिटं तेवढी ठेवली. त्याशिवाय उदाहरण अचूक कसं राहणार?

एक प्रत कुणा मुलाच्या हातून टेबलटेनिसच्या टेबलावर राहिली, आणि दुपारी तिथं बायकांची भिशी भरली. चेअरमन बजरंग शेलारांच्या पत्नी प्रेमलाबाई चिवड्याची बशी ठेवायला गेल्या आणि बशीखाली काय आलं ते पाहू लागल्या.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "हे बघा. बी विंग, पहिला मजला. एक बाई सात वांगी अठ्ठावीस मिनिटं एक्झॅमिन करतात, आणि शेवटी दोडका घेतात."

सगळ्या इतक्या हसल्या की चिवडा सांडला. बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत पुस्तिका सेक्रेटरी आमोद गानूंच्या हातात पोचली. गानू सॉफ्टवेअरमध्ये, बोलणं कमी आणि लागेल असं. ते सोफ्यावर पाय दुमडून बसले आणि बायकोला एकेक वाक्य वाचून दाखवू लागले. "काय नेमकं लिहितात हो बाई! वाया गेल्या शाळेत." अकरा वाक्यांपर्यंत हसू चालू होतं. बारावं वाक्य असं होतं: 'बी विंगचे एक गृहस्थ, निळी स्कूटर, वॉचमनच्या केबिनमध्ये आलेली दुसऱ्यांची पार्सलं एक्झॅमिन करतात, नाव वाचून झालं तरी कानाशी नेऊन हलवतात.'

गानूंनी पाय खाली सोडले. "हा सरळ सरळ खासगीपणावर हल्ला आहे," ते म्हणाले.

आठ दिवसांत सोसायटीत कुणी काही हातात घेऊन बघेना. भाजीवाल्याकडं बायका डोळे मिटून भेंडी उचलू लागल्या. लिफ्टमध्ये बाई शिरल्या की आतली माणसं बाहेर येऊन जिन्यानं जात. कुणीतरी दोनशे तीनच्या दारावर कागद चिकटवला: 'आमच्याकडे बघून झाले असल्यास स्वतःकडे बघावे.' बाईंनी तो कागद काढला, 'स्वतःकडे' या शब्दाखाली तांबडी रेघ मारली आणि वहीत ठेवला. रोहन चिडला. "आई, मुलाला बागेत कुणी झोका देत नाही आता. तुला दुसरी उदाहरणं नाही मिळाली?"

"जवळ होती ती घेतली."

"मग लांब जायचं ना! कात्रजला जायचं, सापांची घ्यायची!"

"साप बघत नाहीत तेवढं," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की चार दिवसांत निवळेल.

निवळलं असतंही. पण बजरंग शेलार चेअरमन होते. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या वडिलांची. तिथं ज्वारी व्हायची, हे ते प्रत्येक सभेच्या सुरुवातीला सांगत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांनी ठरवलं, बाईंचा हॉल काढून घ्यायचा. आणि हे काम पक्कं व्हावं म्हणून त्यांनी विशेष सभा बोलावली, आणि सभेच्या नोटिशीला पुरावा म्हणून अख्ख्या पुस्तिकेची झेरॉक्स जोडून चोपन्न घरांत वाटली.

"आप्पा, तुम्ही स्वतः वाचलीत का ही सगळी?" गानूंनी विचारलं होतं.

"मला काय करायचंय वाचून? इंग्रजी हाय ते. लोकांना कळू दे, बाई काय लायकीची हाय."

लोकांनी मात्र वाचली. आधी प्रत्येकानं स्वतःला शोधलं, मग शेजाऱ्याला. मग पुन्हा पहिल्यापासून, बोट ठेवून, शब्दकोश उघडून. ज्या घरांत वर्षभर दुधाच्या पिशवीपलीकडं काही वाचलं जात नव्हतं तिथं रात्रीच्या जेवणाला वाक्यांवर चर्चा होऊ लागली. आणि सभेच्या आदल्या दिवशी सी विंगमधल्या कुणाच्या तरी बोटाखाली सत्ताविसावं वाक्य आलं.

रविवारी सकाळी हॉल गच्च. बाई पहिल्या रांगेत एकट्या. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मागं दाराशी पायल उभी होती, त्यांची विद्यार्थिनी, लातूरकडची. मुलांची मुख्य परीक्षा सात आठवड्यांवर आली होती. ती नुसतं ऐकायला आली होती, हॉल राहतो की जातो ते.

आप्पा उठले. "ही जमीन आमची. हितं ज्वारी व्हायची—"

"आप्पा, ज्वारी राहू द्या," सी विंगमधून आवाज आला. "सत्तावीस वाचा."

"काय सत्तावीस?"

गानूंनी घसा साफ केला आणि वाचलं. "'एक गृहस्थ रोज पहाटे सहाला गच्चीवरची पाण्याची टाकी एक्झॅमिन करतात, काठी बुडवून पातळी बघतात, आणि ए विंगचा कॉक चाळीस मिनिटं व उरलेल्या दोन विंगांचा वीस-वीस मिनिटं सोडतात.'"

गच्चीवरच्या कॉकची लोखंडी चावी गेली अकरा वर्षं आप्पांच्या कमरेला होती, आणि आप्पा ए विंगला राहत, हे सांगायला सत्तावीस नंबरची गरज नव्हती.

मग हॉल फुटला. बी विंग उभी राहिली, सी विंग खुर्च्यांवर चढली. "खडकवासल्यात पाणी कमी सोडलंय म्हणत होतात ना?" "धरण भरलंय आणि आमचा नळ सुकलाय, आम्हाला वाटायचं पाइप गंजला!" "चाळीस मिनिटं! अहो, आम्ही पाहुण्यांना सकाळीच यायला सांगतो, नाहीतर हात धुवायला देता येत नाही!" आप्पांचा चेहरा काळा पडत चालला. बाई ताठ बसल्या होत्या. त्यांना आत कुठंतरी ऊब वाटत होती. अचूक वाक्य कसं काम करतं ते सगळ्या वर्गाला दिसत होतं. पायलही मागून हसत होती.

तेवढ्यात प्रेमलाबाई उठल्या. जाडजूड, कमरेवर हात, आवाज मंडईपर्यंत जाईल असा.

"गप बसा सगळे. माझ्या नवऱ्यानं पाणी पळवलं असंल, त्याचं मी घरी बघते. पण एक सांगा ओव्हाळ बाई. हे वाक्य लिवलं कधी?"

बाईंनी वही उघडली. त्यांच्या प्रत्येक वाक्याला तारीख असे. खोटं सांगणं त्यांच्याकडून होणार नव्हतं. "मार्चमध्ये."

"कंच्या मार्चमध्ये?"

"चार वर्षांपूर्वीच्या."

"आणि तुम्ही ऱ्हाता कंच्या विंगला?"

सी विंग खुर्च्यांवरून खाली उतरली.

"ए," बाई म्हणाल्या.

"म्हंजी चाळीस मिनिटं पाणी तुम्हालाबी," प्रेमलाबाई म्हणाल्या. "चार वर्षं. आप्पांनी नळ सोडला, तुम्ही बादली भरली, आणि वर हे लिवून काढलं. चोरी दिसली तर माणूस वरडतो. तुम्ही त्याचं वाक्य केलं. आणि त्ये चाळिसावं वाचा की ओ गानू. त्ये वाचा."

चाळिसावं वाक्य सगळ्यांचं पाठ झालं होतं, कारण ते सगळ्यांना सारखंच झोंबलं होतं. छटा होती माणसानं स्वतःच्या मनाला एक्झॅमिन करण्याची. खाली जागा कोरी, आणि तिथं बाईंच्या नेटक्या अक्षरात: 'या अर्थाचे उदाहरण या इमारतीत आढळले नाही. शोध चालू आहे.'

"चार वर्षं खिडकीत बसून शोधत व्हत्या," प्रेमलाबाई म्हणाल्या. "घरात आरसा नाय का?"

बाईंनी तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं की मी शिक्षिका, पंच नव्हे. की वाक्य गोळा करणं वेगळं आणि भांडण लावणं वेगळं. प्रत्येक कारण त्यांनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि एकही उजेडात टिकेना.

मग सी विंगच्या मागच्या रांगेतून दत्तोबा उठले. चौथ्या मजल्यावर राहणारे, दोन्ही गुडघे बदललेले, पूर्वी एसटीत मेकॅनिक. ते कधी सभेत बोलत नसत.

"एकतीस नंबरचा मी हाय ना, बाई?"

एकतिसावं वाक्य बाईंना वाचावं लागलं नाही. 'सी विंगचे एक वृद्ध गृहस्थ तळमजल्यावरच्या नळावरून बादली भरतात आणि चढण्याआधी जिना एक्झॅमिन करतात.' सूक्ष्म छटा होती ती, अंदाज घेण्याची. बाईंना त्या वाक्याचा अभिमान होता.

"सी विंगची लिफ्ट दर पावसाळ्यात बंद," दत्तोबा म्हणाले. "वर पाणी येत नव्हतं. पायऱ्या किती त्या? मोजल्या असतील तुम्ही."

"शहात्तर," बाई हळू म्हणाल्या.

"बरोबर. तुम्ही मोजल्या. मी चढलो."

ते खाली बसले. बाईंनी वहीकडं पाहिलं. सत्तावीस आणि एकतीस, मधे तीन वाक्यं. एकाच वहीत, एकाच अक्षरात, दीड पानाच्या अंतरावर. वरचा कॉक बंद होता म्हणून खालची बादली जिना चढत होती, आणि जगातली प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्या बाईंनी ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून कधी बघितलीच नव्हती. स्वयंपाकघरातला त्यांचा नळ मात्र रोज सहाला व्यवस्थित वाहत होता.

मतदान झालं. हॉल काढून घ्यावा, एकतीस. राहू द्यावा, नऊ. बी आणि सी विंगनं पाण्याच्या रागापायी बाईंना विरोध केला, ए विंगनं पाण्याचं बिंग फुटलं म्हणून. मागं दाराशी पायल तोंडावर ओढणी धरून उभी राहिली, मग निघून गेली. तो ठराव झाला आणि लगेच दुसरा: आप्पांकडून चावी काढून घ्यावी. तो जवळजवळ एकमतानं झाला. आप्पांनी कमरेची चावी टेबलावर अशी आपटली की गानूंचा चहा लवंडला.

आता चावी द्यायची कुणाला? इथं सभा अर्धा तास अडकली. बी विंगचं नाव आलं की सी विंग ओरडे, सीचं आलं की ए. "गानूंकडे द्या." "नको, ते टाकी हलवून बघतील." वॉचमनचं नाव निघालं, तर तो कुणाकडून किती चहा पितो याची यादी निघाली. शेवटी दत्तोबाच म्हणाले, "ओव्हाळ बाईंना द्या."

"काय?"

"मला बी आवडत न्हाईत. पन मिनिटं बरोबर मोजतात. आता फकस्त लिवायचं नाय बाई, सोडायचं. तिन्ही विंगा पंचवीस-पंचवीस. आनि पयलं सी."

कुणालाच पटलं नाही आणि कुणालाच दुसरं सुचलं नाही. गानूंनी इतिवृत्तात लिहिलं: 'नाइलाजाने मंजूर.' बाई उठल्या. माफी मागायला त्यांनी दत्तोबांकडं पाहिलं, पण दत्तोबा भिंतीवरची नोटीस वाचत होते. बाईंनी चावी उचलली. अपेक्षेपेक्षा जड होती.

घरी येऊन बाईंनी ठरावाचा कागद सवयीनं तीनदा वाचला. 'सोसायटीचा हॉल सदर क्लाससाठी यापुढे देण्यात येऊ नये.' हॉल. बाकी कशाचंही नाव नव्हतं. तिन्ही विंगांना मिळून गच्ची एकच होती, आणि सहा ते सव्वासात बाईंना तिथं असणं सोसायटीनंच भाग पाडलं होतं. त्यांनी पायलला फोन केला. "उद्यापासून पावणेसहाला. वर या. चपला हातात घेऊन या, आवाज नको."

गच्चीवर टाकीच्या सावलीत अठ्ठावीस मुलं मांडी घालून बसू लागली. खाली त्रेपन्न घरं धुमसत राहिली. आप्पांनी पोलिसांकडं जायची धमकी दिली. गानूंनी नियमावली चाळली आणि गच्चीबद्दल काही सापडेना म्हणून ती परत कपाटात आपटली. बी आणि सी विंगला पाणी आलं, पण त्याबद्दल कुणी बाईंना चकार शब्द काढला नाही. ए विंगला पंधरा मिनिटं कमी झाली, त्याबद्दल मात्र शब्दांचा तोटा नव्हता. बाईंच्या दाराशी आता दोन विंगांचा जुना राग आणि एका विंगचा नवा राग रोज सकाळी दुधाबरोबर येऊन पडत असे. दत्तोबा जिन्यात भेटले की भिंतीला लागून वाट देत. नमस्कार नाही.

आप्पा रोज पहाटे हातात घड्याळ घेऊन गच्चीच्या दारात उभे. "बाई, काल सीला साडेपंचवीस मिनिटं गेली."

"चावी फिरवायला अर्धं मिनिट लागतं, आप्पा. तुम्हाला माहीत असायला हवं."

"माझ्याच जमिनीवर—"

"मुलं लिहितायत. हळू बोला."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली सकाळ. सी झालं, बी झालं, ए विंगचा कॉक चालू होता. पायलनं पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. "मॅडम, चाळीस अजून कोरं आहे. उद्या कुणी विचारलं तर?"

बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. दारात आप्पा होते. त्यांनी कान टवकारले.

"लिहा," बाई म्हणाल्या. "ए विंगमधल्या एका बाईंनी चार वर्षं सगळ्यांना एक्झॅमिन केलं, आणि स्वतःची भरलेली बादली एकदाही केली नाही. एका माणसानं भर सभेत पायऱ्या विचारल्या, तेव्हा केली. याचं इंग्रजी तुम्ही करा. जमलं तर परीक्षेला घाबरायचं कारण नाही."

पायल लिहिता लिहिता थबकली. "मॅडम, विंग आली. मजला? नंबर?"

"दुसरा मजला. दोनशे तीन."

"तारीख?"

"सभेची घाला."

आप्पा दारातून म्हणाले, "आता कसं बोललात," आणि तेवढ्यावर समाधान न झाल्यानं घड्याळ वर धरलं. "चोवीस झाली! बघा, स्वतःच्या विंगला जास्त सोडायची आयडिया हाय का?"

बाईंनी मनगट पाहिलं. मुलं लिहायची थांबली. पंचविसावं मिनिट भरलं तशी त्यांनी दोन्ही हातांनी चावी धरून ए विंगचा कॉक घट्ट फिरवला.

पिशवीतला फोन वाजला. दीपाली होती, आणि तिचा आवाज कठड्यापाशी बसलेल्या मुलांनाही ऐकू गेला. "आई! शाम्पू डोक्यावर आहे माझ्या! अर्धी बादली तरी सोडा!"

"पंचवीस मिनिटं झाली," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून वहीचं पुढचं पान उलटलं.